वीस सेकंद

जहाजावरून परतलेला प्रल्हाद
बोपोडीच्या खोलीत आधी कडी पुसतो,
मग लाइटचं बटण, मग रिमोट.
"अहो भावोजी, सुट्टीवर आलात ना?" वहिनी हसते.

सातव्या डेकवर निम्मे पाहुणे ओकत होते.
हा क्लोरीनची बादली घेऊन
कठडे पुसत फिरायचा, दर तासाला तेच कठडे.
दाराच्या फटीतून एका म्हातारीनं विचारलेलं,
किनारा आला का?
त्यानं मास्कमागून मान हलवली.
नाही.

इथं पाणी सकाळी तासभर.
साबण लावून तो नळ बंद करतो,
वीसपर्यंत मोजतो.
सोडायला जातो, तर नळ नुसता फुसफुसतो.

फेसाळ हात पुढं धरून उभा.
वहिनी पिंपातून तांब्या भरून आणते,
अंगठा पाण्यात बुडालेला.
तो बघतो.
ओंजळ पुढं करतो.