मुद्देमाल

सात वर्षं ती चप्पल
कोर्टाच्या कपाटात. लाखेचं सील, चिठ्ठीवर नंबर.
"कशावरून ओळखता?" वकील म्हणाले.
म्हटलं, टाका माझा आहे साहेब.
दस्तगीरचाचा डाव्या पायावर रेलून चालायचे,
म्हणून तिथं दुहेरी दोरा.
मागं कुणीतरी हसलं.
मॅडमनी मात्र लिहून घेतलं.

फजरला गज चालले तेव्हा
पायरीखाली एकोणीस जोड होते.
उजाडल्यावर मीच मोजले,
दुसरं काही करता येत नव्हतं.

निकालाच्या दिवशी अख्खा दूध बाजार
जुन्या सीबीएसपर्यंत पायी गेला.
चौघांना जन्मठेप.
घोषणा नाही, गुलाल नाही;
इमामसाहेब तेवढे कोर्टाच्या कडुनिंबाखाली बसले
नि बराच वेळ उठेचनात.

अपिलाची मुदत सरली, कागद फिरले,
मग एका दुपारी मेहजबीन
ती पिशवी घेऊन माझ्या ठेल्यावर.
"पुंजारामकाका, टाच उसवलीय."
कोण घालणार, ते विचारलं नाही.
दोऱ्याला मेण लावलं.

तिनं वीस रुपये ठेवले.
घेतले मी.
चाचा कधी फुकट शिवून घेत नसत.