जोडी

तीस पंचावन्न आहेत का, विचारलं
तर पोरानं मोबाइलमधून डोकं वर न काढता
मूठभर ओतले काउंटरवर.
लखलखीत.
नखानं खरवडलं, आकडे बोटाला आले.
वजन पापडाचं.

लॅमिंग्टन रोडच्या अकरा दुकानांत हेच.
माझ्या खिशात जळालेला एक, जुना, जड,
आणि डोक्यात एग्नेलोचा अ‍ॅम्प्लिफायर,
बापानं ऑर्लेमच्या लग्नांतून वाजवलेला,
आता गिटार लावा न लावा
नुसता गुरगुरतो.

बाराव्या दुकानात दामजीशेठ म्हणाले,
ओरिजिनल? वीस वर्षं उशीर केलास.
मग स्वतःच चढले शिडीवर, गुडघा धरून,
बिस्किटाच्या डब्यातून काढले
गुजराती पेपरात गुंडाळलेले दोन.

मीटर लावला.
एकाचा गेन साठ, दुसऱ्याचा चौऱ्याऐंशी.
जोडी नाही जमत, शेठ.
"एवढी वर्षं एका डब्यात होते,
घेतील जमवून."

रात्री अभ्रकाची चकती, पांढरी पेस्ट, चार स्क्रू.
एग्नेलोनं एकच तार छेडली
आणि माझ्याकडे बघितलं.
मी काही बोललो नाही.
हीटसिंकवर दोन बोटं ठेवून बसलो होतो,
डावा जरा जास्त तापत होता.