उजवी कूस

मडावी सिस्टरनं क्रीमचं नाव विचारलं नाही,
काय खातेस तेही नाही.
हनुवटी धरून चेहरा खिडकीकडं वळवला
आणि म्हणाली,
"कोन्या कुशीवर झोपतं तू?"

उजव्या.
भिंतीकडं तोंड करून, लहानपणापासून.

उजव्याच गालावर होती सगळी.
सतरा वर्षांची झाले तरी कुणाला दिसलं नव्हतं हे,
ना हळद थापणाऱ्या मायला,
ना टूथपेस्ट सांगणाऱ्या प्रणोतीला,
ना "लगन झालं का जातेत" म्हणणाऱ्या ढोमणेकाकूंना.
मलाही नाही,
आणि मी तर रोज सकाळी मोजत होते.

घरी आले, उशी दारात नेली,
उजेडात धरली.
आर्णीच्या बाजारातली खोळ, पन्नासला दोन,
जांभळी, गुळगुळीत, तिच्यावर मोरांची जोडी.
दोन्ही मोरांच्या मधोमध
माझ्या डोक्याएवढा तेलाचा डाग.
नाक लावलं.
खोबरेल, घाम,
आणि धुण्याच्या पावडरीतला खोटा मोगरा.
मे महिन्यात टिनाखाली
रात्रभर हे पाखरू
माझ्या गालाला चिकटून असायचं.

आता गंमत ऐका.
बाबा जिनिंगात आहेत.
हंगामात घरी येतात तेव्हा भुवया पांढऱ्या,
कानात रुई, मिशीला सरकीचा वास.
दाराबाहेर दुपट्ट्यानं अंग झटकतात,
उंबऱ्याशी छोटा ढीग पडतो.
तो चिमण्या नेतात.
त्यांच्या घरट्यात कापूस,
आमच्यात पॉलिस्टर.

सुती पाहिजे, सिस्टर म्हणाली होती,
जुनं असलं तर अजून बरं.
ट्रंकेच्या तळाशी आबाजींचं धोतर होतं,
वातींसाठी राखलेलं,
धुऊन धुऊन इतकं विरळ
की हात घातला तर बोटं दिसावीत.
माय अडली.
"गेलेल्या मान्साचं उशाशी घेतेत का कोनी?"
बाबा भाकर मोडत होते.
वर न बघता म्हणाले,
"बुढा का पोरीले चावन?"

कात्री चालताना त्या कापडानं
आवाजसुद्धा केला नाही.

चार खोळी निघाल्या.
दोन रात्री झाल्या की बदलायची,
रिठ्याच्या पाण्यात धुवायची,
उन्हात कडक वाळवायची.
माय कुरकुरली,
देवाचंही वस्त्र एवढ्यांदा बदलत नाही आपण.
तेल सकाळवर गेलं.
केसांची गाठ डोक्यावर आली, झोपताना मी
कांद्याच्या पातीसारखी दिसायचे.
आणि एका दुपारी, मला न सांगता,
तिनं वाकयीची वरची कड उसवली,
जिथं नायलॉनच्या लुगड्याची पट्टी
रोज माझी मान खाजवायची.
तिथं धोतराचा काठ आला,
टाके आडवेतिडवे, पण मऊ.

गेली का, सगळे विचारतात.
निम्मी गेली. काही राहिली.
एक तर डाव्या गालावर नवीन आली,
कारण मी आता कूस बदलून बघते.

डावीकडं भिंत नाही.
डावीकडं बाबांची बाज आहे.
मोरांची खोळ त्यांनीच घेतली होती,
"माह्या चामडीले काई होत नाई."
एरवी माझी पाठ असायची त्यांच्याकडं.
परवा रात्री पहिल्यांदा पाहिलं,
झोपेत ते मान खाजवतात,
कानामागं, कॉलरच्या रेषेवर,
जिथं रुईची धूळ बसते तिथं लाल, खरबरीत पट्टा,
आणि खाजवून झालं की गाल
पुन्हा त्या जांभळ्यावर टेकतात.

चौथी खोळ दोरीवर होती,
उन्हाचा वास अजून तिच्यात.
ते पहाटे अंगणात गेले तेवढ्यात चढवली.

रात्री टेकले. थोडा वेळ काहीच नाही.
मग अंधारातून,
"मोर कुठी गेले बे?"
मी भिंतीकडं वळून
झोपल्याचं सोंग घेतलं.