एकतीस किलो

पोलादाचं दार नव्वद किलोंचं.
रुग्णवाहिका उलटली, तेव्हा आतून
कुणाच्यानंच ते रेटवलं नाही.

तेव्हापासून ब्लांका ग्रॅम मोजते.
चिनी मातीहून कडक फरशा, मागे धाग्यांचे थर,
रात्रभर भट्टी, आणि सकाळी
गोळी.

रविवारी तिनं आईला बोलावलं.
लोकेतच्या कपबश्यांच्या कारखान्यात
चाळीस वर्षं झिजलेली बोटं.
"उघड."
आईनं उघडलं, एका हातानं,
फ्रिज उघडावा तसं.

मग टेबलावरची फुटकी फरशी उजेडात धरून म्हणाली,
"असा तडा गेला की आम्ही फेकून द्यायचो."

"तडा जायलाच ठेवलीय ती.
मागचं कापड बघ."

आईनं बोट फिरवलं, बशीची कड तपासावी तसं.
फुगवटा होता.
भोक नव्हतं.
तरी बोट
पुन्हा एकदा फिरलं.