कणसाचे केस

आमच्या गावात मक्याला त्सारेवित्सा म्हणतात.
त्सार म्हणजे झार; त्याची ही कोण,
लेक की दासी, व्याकरण नीट सांगत नाही.
समुद्रापलीकडून मका आला
तेव्हा आमचा त्सार कधीच मातीआड झाला होता.
गाणी सुलतानालाच त्सार म्हणत होती,
शब्दाचा पाळणा रिकामा राहू नये म्हणून.

मी आठ वर्षांचा होतो.
वरून हुकूम आला, पुस्तकातून त्सार काढा.
कॉम्रेड बाईंनी बाकाबाकावर दौत ठेवली.
इतिहास काळा केला, धडे, कविता,
गोष्टीतला तो, ज्याला तीन मुलगे असतात,
आणि हात थांबेना म्हणून
शेतकीच्या पुस्तकातही शिरलो.
पान बावन्न: पेरणी, खुरपणी, काढणी,
सगळीकडे उरली नुसती एवित्सा.
बाई आधी हसल्या.
मग दाराकडे बघून त्यांनी मला छडी मारली.

पुढे शहरात लॅटिन शिकलो, तीस वर्षं शिकवलंही.
शब्द खणत गेलो तर तळाशी
रोमातलं एक आडनाव.
त्याचा अर्थ, कोणी म्हणतं, हत्ती.
कोणी म्हणतं, आईचं पोट चिरून काढलेला.
आणि कोणी म्हणतं, दाट केसांचा.
मला हा शेवटचा आवडतो,
कारण त्या घराण्यातल्या सर्वांत गाजलेल्याला
टक्कल होतं, म्हणतात,
आणि ते झाकायला तो डोक्यावर पानं बांधायचा.

माझा मुलगा ओग्न्यान श्टुटगार्टला भट्टीवर असतो.
पाच पाकळ्यांचा एक पाव, त्याला तिथे कायझर म्हणतात.
तेच आडनाव, उत्तरेच्या वाटेनं गेलेलं.
पहाटे तीनला दोनशे सम्राट आत,
सातपर्यंत विकले गेले तर ठीक,
नाहीतर बदकांना.

आता कोणीही त्सार असतो.
गोल मारला की पोरं ओरडतात, त्सार आहेस!
पेपरात सिगारेटींचा त्सार, भंगाराचा त्सार.
आमच्या वाट्याला आलाय खडीचा.
नाव रुसी पानेव. ओसम नदी त्यानं
कंबरेपर्यंत खरवडून विकली,
आणि आता त्याला स्तामेनाचं शेत हवं होतं,
मक्याखाली गोटे आहेत म्हणून.

ऑक्टोबरची संध्याकाळ. ओसरीवर
आम्ही दोघं कणसं सोलत होतो, म्हातारी आणि म्हातारा.
जीप फाटकात. इंजिन चालूच.
टेबलावर कागद, कागदावर पेन,
आकडा त्यानं बोटानं दाखवला,
आणि तेवढ्यात कंबर धरून वाकला.
घाम. ओठ पांढरे.
सोन्याची साखळी गळ्यातून पुढे लोंबली.

“मुतखडा?” स्तामेनानं विचारलं.
त्यानं मान हलवली, शाळेतल्या पोरासारखी.
“बस.”

तिनं ढिगातून मूठभर केस उचलले,
कणसांचे, तांबूस, शेंड्याला काळपटलेले,
उकळत्या पाण्यात टाकले, झाकण ठेवलं.
नवऱ्याला हेच देत असे ती.
त्याचा खडा पडला होता, नवराही पुढे गेला,
दोन्हींचा संबंध नाही, असं ती सांगते.
खडीचा त्सार टकलावरचा घाम पुसत
कढत पेला दोन्ही हातांत धरून बसला.
मला तळाशी खणलेला शब्द आठवला.
मी काही बोललो नाही.
असल्या गोष्टी वर्गातच बऱ्या.

दुसऱ्या पेल्यानंतर तो उठला.
“कुठे?” म्हणाला.
स्तामेनानं हनुवटीनं दाखवलं, खुराड्यामागे.
आमच्याकडे त्या जागेला म्हणतात,
जिथे त्सारही पायी जातो.
तो गेला. चिखलातून, नव्या बुटांनी,
एक हात भिंतीला लावून.

बराच वेळ लागला त्याला.
जीप घुरघुरत होती. अंधार पडत होता.
स्तामेनानं इकडेतिकडे बघितलं,
ओले केस पसरायला काही कोरडं हवं होतं,
आणि तो टेबलावरचा कागद
बराच मोठा होता.