दोन-एक

केवळराम हेडाऊ.
मिलच्या हजेरीपटात त्याच्यापुढे लिहिलेलं: बॉबिनवाला.
बॉबिन त्यानं कधी हातात धरली नव्हती.
अठरा रुपये महिना, वर रोज अर्धा शेर दूध,
आणि काम एवढंच की हॉकी घेऊन
उजव्या कडेनं पळत सुटायचं.

गोळीबार चौकात खड्ड्याच्या मागावर बसलेल्या त्याच्या बापानं
पहिला पगार दोनदा मोजला.
"खेळाचे पैसे? मंग कामाचे काय देतेत?"

मी तेव्हा स्कोअर लिहायचो,
कस्तुरचंद पार्कच्या कडेला, तीन पायांच्या टेबलावर,
चौथ्या पायाखाली वीट.
रेल्वेविरुद्धची ती फायनल माझ्याच अक्षरात आहे.
दोन-एक. दुसरा गोल: हेडाऊ, शेवटून चौथं मिनिट.
लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन इतवारीपर्यंत नेलं.
सावजीनं त्या रात्री पैसे घेतले नाहीत.

मग जबलपूरला गुडघा गेला.
गुडघा गेला तशी बॉबिन आली.
पाच वर्षं तो खरोखरचा बॉबिनवाला होता,
भुवयांवर कापसाची लव घेऊन
भोंग्यासरशी फाटकाबाहेर पडायचा,
मैदानाची वाट टाळून.

शिट्टी असोसिएशननं दिली.
सामन्याला दोन रुपये, चहा वेगळा.
लंगडत का होईना, चेंडूच्या आधी पोचायचा;
तो कुठं जाणार ते त्याच्या गुडघ्याला कळायचं.
आणि पायाला लागलेला चेंडू
त्यानं एकदाही सोडला नाही.
एकदाही.
आपल्याच मिलच्या पोट्ट्याचा गोल
भर फायनलात नाकारला,
तेव्हा चौकात महिनाभर
कोणी त्याला तंबाखू मळून दिली नाही.

भोंगा कायमचा बंद झाला त्या सालचा मे.
पाणी शिंपडून अंगणात खाटा टाकलेल्या.
अंधारातच म्हणाला,
"रेल्वेवाली मॅच आठवते का गा?
तो चेंडू माह्या पायाले लागला होता.
अंपायरले दिसलं नाही."
आणि कूस बदलली.

सकाळी वही काढली. कडा वाळवीनं खाल्लेल्या.
खोडरबर शोधला, तोही सापडला, दगडासारखा.
रेल्वेच्या गोलकीपरचं नाव मोठ्यानं वाचलं:
रोझारिओ.
कुठं असेल कोण जाणे.

आकडा तसाच ठेवला.
त्याच्या शेजारी एक बारीक टिंब दिलं फक्त.
कोणी विचारलंच तर सांगीन,
पेन्सिल टेकली असेल.