मोड

फॉर्मच्या चौथ्या पानावर विचारलंय :
उत्पादनात कचरा किती? टक्क्यांत लिहा.
मी अंबडहून सिटीलिंकने रविवार कारंजावर उतरते,
तांबट लेनमध्ये वळते
आणि अण्णांना विचारते.

अण्णा म्हणतात, कसला कचरा?

तेवढ्यात निफाडहून एक बाई आलेल्या.
गोणपाटात घंगाळ, बूड गेलेलं,
एका कडीचं, काठाला चेमटलेलं.
आमच्या धंद्यात याला मोड म्हणतात.
मटकीला येतात तेही मोडच,
याची मला शाळेत फार गंमत वाटायची.
अण्णांना नाही वाटायची.
"दोन्ही आधी भिजत घालावं लागतं," एवढंच म्हणायचे
आणि चिंचेच्या पाण्याची बादली पायाने पुढे सरकवायचे.

काटा थरथरतो, थांबतो.
तीन किलो दोनशे.
मोडीचा भाव, नव्या हंड्याची मजुरी, घट,
सगळं खडूने फरशीवर.
मग अण्णा कपाळावरचा चष्मा खाली घेतात,
काठावरची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं
अंगठ्याने पुसून मोठ्याने वाचतात :
सौ. इंदुमती हिस मामांकडून, चैत्र शके १८८१.

"सासूबाई माझ्या," बाई म्हणतात,
आणि उगीचच पदर सारखा करतात.

त्यानंतरच घण.
नाव वाचल्याशिवाय अण्णांनी एकही भांडं चेपलेलं
मी पाहिलेलं नाही.
मोड गोणीत जाते, गोणी रोलिंगला,
तिथून पत्रा होऊन परत येते
कुणाकुणाचे मामा, कुणाकुणाचे चैत्र
एकमेकांत मिसळून.
फॉर्ममध्ये याला रकाना नाही.

आमच्या कंपनीत दिव्यांच्या तांब्याच्या टोप्या होतात,
चारशेची ऑर्डर, हॅम्बुर्गची.
डाय बसवली की प्रेस एका दाबात
दोनशे ठोके उमटवते.
खोक्यावर छापलेलं असतं : हाताने घडवलेले.
मी क्वालिटीत आहे. ठोके सारखे आलेत ना, हे बघते.
त्यातली एक नापास टोपी अण्णांना दाखवायला आणली होती.
त्यांनी ती उजेडात धरली,
बोटं फिरवली, उलटी केली,
नखाने एकदा वाजवली.
"मठारकाम छान आहे," म्हणाले,
"पण मारलं कुणी?"
मी म्हटलं, कुणीच नाही.
त्यांनी ती मोडीच्या ढिगावर ठेवली,
टाकली नाही, ठेवली.
तिच्यावर वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

परवा मी लिहून पाठवलं :
पुरवठादार मुकुंद करडे, कचरा निरंक.
उत्तर आलं, निरंक चालत नाही, आकडा द्या.

म्हणून आज दुकान बंद होताना थांबले.
अण्णांनी फरशी झाडली,
ऐरणीच्या बुडापासून उंबऱ्यापर्यंत,
कीस डालडाच्या डब्यात, डबा फळीवर.
भट्टीतली राख पुडीत, शेजारच्या काकूंच्या भांड्यांना.
कल्हईच्या कापसाचा जळका बोळा मात्र उरला.
तो काट्यात घातला.
अकरा ग्रॅम.

"अकरा!" मी ओरडून सांगितलं,
कारण त्यांचा डावा कान
माझ्या दहावीच्या वर्षी गेला.
आधी बारीक आवाज गेले,
पैंजण, दूध उतू जाणं, फोन,
मग माझी हाक.
उजवा अजून अर्धा आहे.

खडू त्यांच्याच हातात होता.
फरशीवर घटीच्या पुढे जागा होती.
मी कान लिहायला सांगू शकले असते.
चाळीस वर्षांचा, एक, डावा.

"किती म्हणालीस?" त्यांनी उजवी बाजू पुढे केली.

"अकरा, अण्णा."

"मग बरोबर आहे," म्हणाले,
आणि बोळा पुन्हा झटकून बघितला,
एखादा कथलाचा थेंब निघतोय का.